इंग्लिशमध्ये शंका लिहायची कशी: ऑफिसात नवीन लागलेल्यांसाठी

समजा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून तुमच्या छतात पाणी झिरपतंय, आणि तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीला इंग्लिशमध्ये मेल टाकलात, "वी डाउट दॅट द बाथरूम ऑन द सिक्स्थ फ्लोअर इज लीकिंग." तुमच्या डोक्यात काय आहे, तर आम्हाला डाउट आहे की सहाव्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय. आणि मेलमध्ये काय उतरलं, तर सहाव्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय हे आम्हाला काही पटत नाही. म्हणजे तक्रार तुमची आणि वकिली सहाव्या मजल्यावाल्याची! सेक्रेटरी आपल्यातलाच असेल तर त्याला बरोबर कळेल, तोही तसंच लिहितो, पण असंच वाक्य उद्या लंडनच्या क्लायंटला गेलं किंवा समोरच्याच्या वकिलाच्या हातात पडलं की उलटंच वाचलं जाणार.

मराठी मीडियममधून शिकून अंधेरी, बीकेसी, ऐरोलीच्या ऑफिसात चिकटलेल्या पोरापोरींना हे नेहमी नडतं. स्पेलिंग बरोबर, ग्रामर बरोबर, आणि तरी अर्थ भलताच. कारण आपण शब्दापासून सुरुवात करतो. आधी शंका कुठल्या बाजूला झुकतेय ते ठरवायचं, मग ती किती मोठी आहे ते, आणि शब्द त्यानंतर शोधायचा. त्याच क्रमाने सांगते.

पायरी १: शंका होकडे झुकतेय की नाकडे?

मराठीत शंका, संशय, डाउट हे तिन्ही शब्द दोन्ही बाजूंना चालतात. "मला डाउट आहे त्यानेच फाइल डिलीट केली" म्हणजे त्यानेच केली असणार. "तो येईल का याची शंकाच आहे" म्हणजे येणार नाही. वाक्याच्या सुरावरून आपल्याला कळतं, गोंधळ होत नाही. इंग्लिशमध्ये मात्र ही दोन कामं दोन क्रियापदांनी वाटून घेतलीयत. डाउट नाकडे झुकतो, सस्पेक्ट होकडे.

"आय सस्पेक्ट द बिल इज राँग" म्हणजे बिल चुकलंय असं मला वाटतंय. "आय डाउट द बिल इज राँग" म्हणजे बिल चुकलेलं नसावं. गळतीच्या मेलमध्ये एवढा एकच शब्द बदलायचा होता, "वी सस्पेक्ट", बाकी वाक्य होतं तसं चाललं असतं.

सस्पेक्ट म्हटलं की आपल्याला पोलीस स्टेशन आठवतं, म्हणून नवीन माणूस तो लिहायला घाबरतो. घाबरू नका. "आय सस्पेक्ट इट विल रेन बाय इव्हिनिंग" हे अगदी साधं, रोजचं वाक्य आहे, त्यात कोणी आरोपी नाही. हां, माणसाचं नाव घेऊन लिहिताना जपून, "आय सस्पेक्ट ही टुक इट" हा आरोपच होतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. वाक्यात जिथे डाउट लिहिलंय तिथे मनात "हे मला पटत नाही" ठेवून वाचा. अर्थ जुळला तर ठीक, उलटा झाला तर सस्पेक्ट घाला. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये जुन्या वळणाच्या बोलीत "आय डाउट इट विल रेन" म्हणजे पाऊस पडणारसं दिसतंय, अगदी आपल्यासारखंच. पण सगळे क्लायंट काय स्कॉटलंडचे नसतात.

डाउटचा आपला तिसरा वापर म्हणजे प्रश्न. क्लासमध्ये डाउट विचारायचे, रविवारी डाउट सॉल्व्हिंगचं लेक्चर, हे लहानपणापासून ऐकत आलोय त्यामुळे "आय हॅव अ डाउट" आपोआप बोटांतून टाइप होतं. भारतातल्या भारतात चालतं, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण बाहेरच्या माणसाला "आय हॅव अ डाउट अबाउट युअर इनव्हॉइस" असं लिहिलंत तर त्याला वाटतं की त्याच्या इनव्हॉइसवर तुमचा भरवसा नाही, आणि तो आधी चिडतो, मग उत्तर देतो. त्याला "आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द इनव्हॉइस" लिहा, विषय संपला.

आणि डुबियस हा शब्द लांबच ठेवा. डाउटफुलचा भारी भाऊ समजून लोक तो वापरतात, पण "द पेमेंट लुक्स डुबियस" म्हणजे पेमेंटमध्ये काहीतरी काळंबेरं आहे. पेमेंट वेळेवर येईल का एवढीच शंका असेल तर तसं साधं लिहा.

पायरी २: किती?

बाजू ठरली, आता मोजमाप. इथे अगदी शिकलेले लोकही फसतात, आणि याचा एक किस्सा चांगला नोंदलेला आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने एक अहवाल केला, त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "सीरियस पॉसिबिलिटी" आहे असं त्यात लिहिलं. शर्मन केंट नावाचा अधिकारी त्या कामात होता. त्याला नंतर कोणीतरी विचारलं, सीरियस म्हणजे नेमकं किती हो? तो म्हणाला साधारण ६५ विरुद्ध ३५, म्हणजे हल्ला होईल याकडेच कल. विचारणारा उडालाच, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच टीमला विचारलं, ज्यांनी बसून तो शब्द मंजूर केला होता त्यांना, तर कोणाच्या मनात ८० टक्के, कोणाच्या मनात २० टक्के. एकच वाक्य, सगळ्यांची सही, आणि अर्थ प्रत्येकाचा वेगळा. १९६४ मध्ये केंटने यावर लेख लिहून प्रत्येक शब्दाला टक्के ठरवून दिले, "प्रॉबेबल" म्हणजे ७५ च्या आसपास, "प्रॉबेबली नॉट" म्हणजे ३० च्या आसपास, "ऑलमोस्ट सर्टनली नॉट" म्हणजे ७ च्या आसपास.

हवामानबदलावर अहवाल काढणारी संयुक्त राष्ट्रांची आयपीसीसी आजही असाच तक्ता वापरते. त्यांचं "लाइकली" म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर, "व्हेरी लाइकली" म्हणजे ९० च्या वर, "अनलाइकली" म्हणजे ३३ च्या खाली, "व्हेरी अनलाइकली" म्हणजे १० च्या खाली आणि "एक्सेप्शनली अनलाइकली" म्हणजे १ टक्क्याच्याही खाली. तुम्हाला हा तक्ता पाठ करायची गरज नाही, पण शब्दांची उतरंड डोक्यात पाहिजे. वरून खाली अशी उतरते: ऑलमोस्ट सर्टनली, प्रॉबेबली, मे किंवा माइट, अनलाइकली, हायली अनलाइकली, आणि तळाला इम्पॉसिबल. मे आणि माइटमध्ये फरक आहे म्हणतात, माइट जरा दुबळा, पण मेलमध्ये तो फरक कोणी मोजत बसत नाही.

ज्या गोष्टीवर पैसा किंवा तारीख अवलंबून आहे तिथे शब्दाच्या जोडीला आकडा द्या. "इट इज अनलाइकली, आय वुड से वन इन फाइव्ह." पाचात एक. हे लिहायला लाज वाटते, वाटतं आपण एवढं ठाम कसं सांगायचं, पण वाचणाऱ्याचं काम त्याने फार सोपं होतं.

आणि काय मोजताय तेही स्पष्ट पाहिजे. पावसाळ्यात हवामान खात्याचं इंग्लिश बुलेटिन वाचा, "हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस" असं असतं. यात "व्हेरी लाइकली" ही शक्यता आहे आणि "आयसोलेटेड" ही जागेची गोष्ट, खात्याच्या व्याख्येत आयसोलेटेड म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. आपण मराठी बातमीत "तुरळक ठिकाणी" ऐकतो आणि पाऊसच तुरळक समजून छत्री घरी ठेवतो. हेवी म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या पुढे, तुमचं दादर त्या तुरळकात बसलं तर हिंदमाताला पँट वर करूनच जायचं. तुमच्या मेलमध्येही "काही शिपमेंट नक्की लेट होतील" आणि "सगळीच शिपमेंट कदाचित लेट होतील" या दोन वेगळ्या बातम्या आहेत, त्या एका "मे बी सम डिले" मध्ये कोंबू नका.

पायरी ३: साचा

आता शब्द. नवशिक्याने एकच साचा पक्का करावा असं मी म्हणेन, तो म्हणजे अनलाइकलीचा. दोन्ही प्रकारे चालतो: "द स्टॉक इज अनलाइकली टु अराइव्ह बाय फ्रायडे" किंवा "इट इज अनलाइकली दॅट द स्टॉक विल अराइव्ह बाय फ्रायडे". पहिला आखूड, मला तोच आवडतो. पण इम्प्रॉबेबल आणि इम्पॉसिबल या दोघांना पहिला प्रकार चालत नाही. "ही इज इम्पॉसिबल टु कम" लिहिलंत तर वाक्य मोडतं, आणि नुसतं "ही इज इम्पॉसिबल" म्हणजे तर या माणसासोबत काम करणं अशक्य! खरं असेलही, पण मेलमध्ये नको.

मग आपला लाडका चान्स. चान्सेस कमी आहेत, म्हणून "चान्सेस आर लेस". हे मुंबईच्या ऑफिसांत इतकं पसरलंय की आता कोणाला खटकतही नाही. लिहिताना "द चान्सेस आर स्लिम" किंवा "देअर इज लिटल चान्स ऑफ दॅट" लिहा. सावध कुठे राहायचं, तर "चान्सेस आर ही विल कम" म्हणजे तो बहुतेक येणार. वाक्य तसंच सुरू होतं आणि अर्थ बरोबर उलटा.

लिटलच्या आधी "अ" लावलात तरी असंच होतं. "देअर इज लिटल होप" म्हणजे आशा जवळपास नाहीच, "देअर इज अ लिटल होप" म्हणजे थोडी का होईना, आहे. फ्यू आणि अ फ्यूचंही हेच. मराठीत "अ" सारखी काही चीजच नाही म्हणून आपण तो वाटेल तिथे टाकतो, वाटेल तिथून काढतो, पण या दोन ठिकाणी तरी थांबून बघा.

"नो डाउट" बद्दल पण ऐकून ठेवा. शब्दशः शंका नाही, पण लिहिणारा बऱ्याचदा "बहुतेक" याच अर्थाने वापरतो. "यू आर नो डाउट बिझी" म्हणजे तुम्ही बिझी असालच, हा अंदाज झाला. खरंच शंभर टक्के खात्री असेल तर "देअर इज नो डाउट दॅट" असं पूर्ण वाक्य लिहा.

पायरी ४: नॉट कुठे बसतो

"आय थिंक ही विल नॉट कम" चूक नाही, पण इंग्लिशची सवय "आय डोन्ट थिंक ही विल कम" ही आहे. यात आपल्याला मराठीच मदत करते, आपण पण "मला नाही वाटत तो येईल" असंच बोलतो ना, तसंच्या तसं घ्या. फक्त होपला हे करू नका. "आय डोन्ट होप इट इज डिलेड" असं नसतं, "आय होप इट इज नॉट डिलेड" असतं.

"इट मे नॉट बी ट्रू" आणि "इट कान्ट बी ट्रू" यात तर जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात खोटं असू शकतं, दुसऱ्यात खरं असणं शक्यच नाही. "असणार" साठी मस्ट बी आणि "असणं शक्य नाही" साठी कान्ट बी, ही जोडी लक्षात ठेवा. आणि "यू मे नॉट" ने वाक्य सुरू करताना जपून, "यू मे नॉट रिसीव्ह द ओटीपी टुडे" मध्ये आज ओटीपी न येण्याची शक्यता सांगायची असते पण वाचणाऱ्याला क्षणभर मनाई केल्यासारखं वाटतं. तिथे माइट घाला.

मेबी जोडून लिहिला की कदाचित, तोडून लिहिला की मे हे क्रियापद. वाक्याच्या सुरुवातीला येतो तो जवळजवळ नेहमी जोडलेला. ऑफिशियल पत्रात तिथे परहॅप्स लिहा, तोडायचं-जोडायचं टेन्शनच नाही. आणि हार्डली, बेअरली यांच्या पोटात नकार आधीच असतो, त्यांना वरून आणखी नॉट लावू नका.

एक सवय मला खरंच खटकते ती म्हणजे एकावर एक थर लावणे: "आय थिंक मेबी इट माइट पॉसिबली गेट डिलेड." बॉसला वाईट वाटू नये म्हणून एवढं पाणी घालायचं की बातमी उरतच नाही. एका वाक्यात शंकेचा एकच शब्द ठेवा. नम्रता दाखवायची तर "आय ॲम अफ्रेड" ने सुरुवात करा, त्यात भीती वगैरे काही नसते, वाईट बातमी सांगायची ती साधी रीत आहे.

पायरी ५: वुडचा मोह

आपल्याकडे विलपेक्षा वुड जास्त सभ्य समजतात. "आय वुड बी सेंडिंग द रिपोर्ट टुमॉरो." पाठवणाऱ्याच्या मनात शंका काडीची नाही, रिपोर्ट रेडी आहे, पण इंग्लंड-अमेरिकेतला वाचणारा वाट बघतो की पुढे "पण" येणार, पाठवला असता पण काय झालं? तुम्ही न घातलेली शंका वाक्यात स्वतःहून घुसते. नक्की करणार असाल तर "आय विल सेंड", बस.

वुड आणि भूतकाळाचं रूप राखून ठेवा खरोखर लांबच्या शक्यतेसाठी. "इफ द क्लायंट कॅन्सल्स, वी विल लूज द डिपॉझिट" मध्ये कॅन्सल होऊ शकतं, रोजचा धोका आहे. "इफ द क्लायंट कॅन्सल्ड, वी वुड लूज द डिपॉझिट" मध्ये होणार नाही असं वाटतंय, तरी धरून चालू. "इफ द क्लायंट वर टु कॅन्सल" तर त्याहून लांब. काळ भूतकाळाचा दिसतो पण बोलणं पुढचंच असतं, मराठीतही "उद्या तो आला तर" म्हणतोच की. विमानात एअर होस्टेस "इन द अनलाइकली इव्हेंट ऑफ" म्हणून सुरू करते तोही याच घराण्यातला, करारांमध्ये सापडतो, रोजच्या मेलला जड होतो.

पायरी ६: शंका कोणाची

दुसऱ्याने सांगितलेलं पुढे पाठवताना आपण मराठीत नुसता "म्हणे" टाकून मोकळे होतो. इंग्लिशमध्ये इथे शब्द निवडावा लागतो आणि प्रत्येकाची चव वेगळी. रिपोर्टेडली तटस्थ आहे, कोणीतरी कळवलंय एवढंच. ॲपरंटली म्हणजे असं दिसतंय, ऐकलंय. सपोझ्डली मध्ये लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो, "ही इज सपोझ्डली सिक" म्हणजे आजारी आहे म्हणे, आणि म्हणे वर चांगलाच जोर. अलेज्डली आरोपासाठी, पेपरवाल्यांचा आणि वकिलांचा शब्द.

कॉल सेंटर किंवा कस्टमर सपोर्टला असाल तर क्लेम पासून सांभाळा. "यू क्लेम दॅट यू पेड ऑन मंडे" म्हणजे तुमचं म्हणणं आहे बुवा, आम्हाला खरं वाटत नाही. कस्टमर आधीच तापलेला असतो. "यू मेन्शन्ड दॅट यू पेड ऑन मंडे" लिहा, त्यात तुम्ही मान्यही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

आपण स्वतः किती जाणतो हे सांगायला कोर्टाची पद्धत चांगली आहे. दिवाणी दाव्याच्या कागदांखाली व्हेरिफिकेशन असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १५ प्रमाणे त्यात कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे आणि कुठले मिळालेल्या माहितीवरून खरे मानलेले, हे वेगळं सांगावं लागतं. मेलमध्ये एवढी कायदेशीर भाषा नको, पण "आय चेक्ड द स्टॉक मायसेल्फ" आणि "द वेअरहाउस टोल्ड मी" हा फरक ठेवलात तर उद्या भिवंडीच्या गोडाऊनने सांगितलेलं खोटं निघालं तरी खापर तुमच्यावर फुटत नाही.

म्हणी-वाक्प्रचारांच्या वाटेला सध्या जाऊ नका. "व्हेन पिग्ज फ्लाय" म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, "वन्स इन अ ब्लू मून" म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, हे वाचताना कळलं तरी पुरे. त्यातही स्लिम चान्स आणि फॅट चान्स दोन्हींचा अर्थ शक्यता नाहीच्या बरोबर, फक्त फॅटमध्ये टोमणा आहे, तो क्लायंटला कधीच लिहू नका.

आता एक मेल नीट करून बघू. न्हावा-शेवाला कंटेनर अडकलाय आणि मसुदा असा: "सर, आय हॅव अ डाउट दॅट द कंटेनर वुड नॉट बी क्लिअर्ड बाय मंडे. मे बी कस्टम्स इज हॅविंग सम इश्यू. चान्सेस आर लेस." पहिलं वाक्य बाहेरच्याने वाचलं तर: सोमवारपर्यंत क्लिअर होणार नाही हे मला पटत नाही. म्हणजे होईल! तो सोमवारी ट्रक उभे करून ठेवणार आणि भाडं तुमच्या नावावर. दुसऱ्या वाक्यात कस्टम्सचं कोणी सांगितलं ते नाही. तिसऱ्यात कशाचे चान्स ते नाही.

नीट केलेला: "द कंटेनर इज अनलाइकली टु बी क्लिअर्ड बाय मंडे. अवर एजंट सेज कस्टम्स हॅज आस्क्ड फॉर वन मोअर डॉक्युमेंट. वी एक्स्पेक्ट क्लिअरन्स बाय वेन्सडे, अँड आय विल कन्फर्म बाय फाइव्ह पीएम टुमॉरो." शंका एकाच वाक्यात, कारण आणि कारण सांगणारा दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात विल, कारण उद्या पाचला मेल टाकणं तुमच्या हातात आहे. एक्स्पेक्ट हा अंदाज आहे, वचन नाही, त्यामुळे क्लायंटने उलट विचारलं की बुधवार नक्की का, तर दबावाखाली "येस, डेफिनेटली" टाइप करू नका, "वेन्सडे इज लाइकली, बट वी कान्ट गॅरंटी इट अंटिल कस्टम्स क्लिअर्स द डॉक्युमेंट" एवढं लिहा आणि एजंटला फोन लावा.